मध्ययुगीन दख्खनवर गेम करणाऱ्यांना खुलं पत्र: घागर आधी नीट ठेवा

प्रति,
मध्ययुगीन महाराष्ट्रावर व्हिडिओ गेम करणारे आर्टिस्ट, लेव्हल डिझायनर, लेखक आणि निर्माते

सप्रेम नमस्कार.

२०२० मध्ये पुण्यात तयार झालेला 'राजी' जगभर खेळला गेला. आपल्याकडचे कलाकार कुठल्या तोडीचं काम करू शकतात, हे तेव्हाच दिसलं. आता देवगिरीचे यादव, बहमनी, शिवकाळ यांवर गेम करायचं अनेक छोट्यामोठ्या गटांच्या मनात आहे, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. म्हणूनच काम हातात घेण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं असं वाटलं. आम्ही जुन्या वस्तूंची नोंद, मापं आणि अभ्यास करणारी माणसं. आमच्यातले काही जण थ्रीडी मॉडेलिंगही करतात.

मुद्दा एकच आहे. तलवारीच्या मुठीवर तीन आठवडे घालवायचे आणि घागर, दिवा, जातं, चूल, पोथी ही मंडळी ॲसेट स्टोअरवरच्या (गेमसाठी तयार वस्तू विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या) तयार 'मिडिव्हल इंडिया' पॅकमधून उचलायची, ही पद्धत सोडा. खेळणारा तलवार उपसतो अधूनमधून, घरात, अंगणात, बाजारात मात्र तो सारखाच वावरत असतो. काळ उभा राहतो तो त्या वावरात. शिवाय तयार पॅकमधल्या वस्तू कुठल्या असतात, तर राजस्थानी झरोका, मुघल महिरप, पितळी हुक्का आणि विसाव्या शतकातली चपट्या बुडाची कळशी.

सुरुवात साल ठरवण्यापासून करा. 'मध्ययुगीन' हा शब्द कामाला पुरत नाही, कारण त्यात पाचशे वर्षं सहज बसतात. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' या चेक गेमनं १४०३ सालचा बोहेमिया, एवढंच पकडलं, आणि त्यामुळे प्रत्येक भांड्याला, प्रत्येक भाजीला 'ही तेव्हा होती का?' असा प्रश्न विचारता आला. आपणही उदाहरणादाखल शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, आणि गोदाकाठ धरू. ज्ञानेश्वरी नेवाशात पूर्ण झाली ते हे साल. देवगिरीवर रामचंद्रदेव आहे आणि अलाउद्दीन खिलजीची स्वारी यायला अजून सहा वर्षं आहेत. खाली जे लिहिलंय ते या सालाला धरून आहे. तुमचं साल १४५० किंवा १६६० असेल तर उत्तरं बदलतील, प्रश्न तेच राहतील.

साल ठरलं की पहिली फसगत होते ती फोटोंमुळे. तुमचा गट दौलताबादला जाणार, दोन हजार फोटो काढणार आणि त्यावरून देवगिरी उभारणार. पण तिथला चांद मिनार पंधराव्या शतकातला आहे, तोफा त्याहून नंतरच्या आहेत, आणि तटबंदी-दरवाज्यांवर बहमनी, निजामशाही, मुघल अशा सगळ्यांचे हात फिरलेत. संग्रहालयांचंही तसंच. पुण्याचं राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी अजोड आहे. ते जरूर पाहा, तासन्‌तास पाहा. पण तिथल्या बहुतेक वस्तू अलीकडच्या तीनेकशे वर्षांतल्या आहेत. वस्तू धरायची कशी, ठेवायची कशी, झिजते कुठे, हे तिथे शिका. आकार आणि नक्षी तेराव्या शतकाच्या नावावर उतरवू नका.

दुसरी फसगत झाडाफुलांची, आणि हिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, पेरू, पपई, तंबाखू हे सगळं अमेरिकेतून, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आलं. गोवा त्यांच्या हाती गेलं १५१० मध्ये. तंबाखूचं तर नेमकं ठाऊक आहे: मुघल दूत असदबेगनं ती विजापुरातून अकबराच्या दरबारी नेली ती सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. तेव्हा १२९० च्या ओट्यावर हुक्का नको आणि भिंतीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची माळही नको. तिखटपणा हवा असेल तर मिरी, सुंठ, आलं, मोहरी, हिंग आहेत. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. झेंडूचं काय? तोही मेक्सिकोचा. दसऱ्याच्या प्रसंगात दारावर झेंडूचं तोरण लावलंत की तीनशे वर्षांची चूक दारावर टांगली गेली. आंब्याची पानं, कमळ, शेवंती, जाई वापरा. देवळाच्या आवारातला पांढरा देवचाफा, ज्याच्या वाकड्या फांद्या कॉन्सेप्ट आर्टमध्ये इतक्या छान दिसतात, तोही अमेरिकेचाच. सोनचाफा आपला. शेताच्या कुंपणाला फड्या निवडुंग, घायपात, घाणेरी नको. थोर चालेल. गुलमोहर मादागास्करचा, तो तर अगदीच अलीकडचा. तयार झाडांच्या पॅकमधून या सहा-सात गोष्टी काढून टाकायला एक दुपार पुरते.

आता घागर. हिच्यावर सविस्तर लिहितो आहोत, कारण बाकी सगळ्या चुका या एका वस्तूत सापडतात.

मातीच्या घागरीचं बूड गोल असतं. कुंभार चाकावर तोंड, गळा आणि जाड अंगाचा वरचा भाग काढतो. मग माती थोडी सुकल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत पोट फुगवतो आणि बूड पातळ, गोल करतो. गोल आणि सारख्या जाडीचं बूड विस्तवावर तडकत नाही, कारण कोपरा नसला की उष्णतेनं होणारा ताण एका जागी साठत नाही. गेममध्ये मात्र घागर नेहमी सपाट बुडाची दिसते. त्याचं कारण इतिहासाचं अज्ञान नसतं, फिजिक्स इंजिन असतं. गोल बुडाच्या मेशला (वस्तूच्या थ्रीडी जाळीला) नेमका कोलायडर (टक्कर ओळखणारी अदृश्य सीमा) दिला की लेव्हल सुरू होताच घागर घरंगळते. मग आर्टिस्ट बूड कापून सपाट करतो आणि पुढच्या कामाला लागतो.

बूड कापू नका, बैठक द्या. घागर जमिनीवर नुसती ठेवलीच जात नाही. ती चुंबळीवर, तीन दगडांवर, वाळूच्या खळग्यात किंवा फुटलेल्या मडक्याच्या गळ्याच्या कड्यावर बसते. बैठक हा वेगळा ॲसेट करा, घागर तिला जोडा आणि कुणी हात लावेपर्यंत तिचं रिजिड बॉडी (इंजिनमधला वजन आणि हालचालीचा हिशोब) झोपलेलंच ठेवा. कोलायडरचं भांडण मिटतं आणि घरात चार नव्या खऱ्या वस्तू येतात. लहान-मोठी मडकी एकावर एक रचलेली उतरंडही याच रीतीनं उभी राहते.

वजनाचा हिशोब असा. बारा लिटरची मातीची घागर रिकामी अडीच-तीन किलो भरते, पाण्यासकट पंधरा. डोक्यावर पंधरा किलो असलेली बाई धडधड चालत नाही. मान स्थिर, पावलं छोटी, सगळी हालचाल कमरेखाली. नेहमीची चालण्याची ॲनिमेशन वापरून वर घागर चिकटवली तर डोकं दर पावलाला चार सेंटिमीटर वरखाली होतं आणि पाणी सांडायला हवं तिथे सांडत नाही. नजरेला ते लगेच खटकतं, मग का खटकलं हे पाहणाऱ्याला सांगता येवो न येवो. वजन वाढलं की ॲनिमेशन बदलेल अशी सोय आधीच ठेवा.

टेक्स्चरकडे या. आव्यात भाजलेलं भांडं एकरंगी नसतं. साधारण सहाशे ते आठशे अंश तापमानाच्या उघड्या भट्टीत जिथे ज्वाळ लागते किंवा दोन भांडी चिकटून बसतात तिथे काळे ढग उमटतात. पाण्याची घागर पाझरते, म्हणून तिचा खालचा भाग गडद आणि ओलसर, वरचा फिका आणि कोरडा. रफनेस मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे चमकतो, कुठे नाही हे ठरवणाऱ्या चित्रात) ही ओल दाखवा. काही महिन्यांनी पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात, अंगावर पांढरट कड येते, पाणी गार होईनासं होतं, आणि ती घागर धान्य-डाळी ठेवायला जाते. म्हणजे एकाच मेशचे तीन टेक्स्चर आणि तीन जागा: नवी माजघरात पाण्याला, जुनी कोपऱ्यात डाळीला, फुटकी परसात. चुलीवरच्या मडक्याला काजळी लागते ती खांद्यापर्यंत, पण बुडाच्या मध्यभागी, जिथे विस्तव थेट लागतो, तिथली काजळी जळून जाते आणि तांबूस गोल दिसतो, भोवती काळं कडं. उत्खननात मिळणाऱ्या खापरांवरही हे ओळखू येतं. तुमच्या मडक्यांना वरून खालपर्यंत सारखा काळा रंग असतो.

आणि फुटणं. तोडफोडीसाठी तुम्ही जी तयार फ्रॅक्चर पद्धत वापरता ती भरीव दगडासाठी ठीक आहे. मडकं पातळ आणि पोकळ आहे. त्याचे वक्र तुकडे होतात, आणि जाड तोंड व गळा बऱ्याचदा कड्यासारखा अख्खा किंवा अर्धा शिल्लक राहतो. तुटलेल्या कडेला आत पाहिलं तर बाहेर तांबडं, मध्ये राखाडी-काळा थर, पुन्हा तांबडं असं दिसतं, कारण कमी वेळ भाजल्यानं आतला कर्ब पुरता जळलेला नसतो. हा आतला रंग वेगळा मटेरियल म्हणून द्या. फुटल्यावर वस्तू नाहीशी करू नका. मोठ्या खापरात शेजारून विस्तव आणतात, गळ्याचं कडं बैठक होतं, उरलेलं उकिरड्यावर जातं. गावाच्या कडेला खापरांचा ढीग नसलेलं मध्ययुगीन गाव आम्ही तरी खरं मानणार नाही.

विस्तवाचा विषय निघालाच आहे. काडेपेटी एकोणिसाव्या शतकातली. चकमक आणि गारगोटी आहे, पण ती प्रवासात. घरात निखारा राखेखाली झाकून रात्रभर जिवंत ठेवतात आणि विझलाच तर शेजारी मागायला जातात. इथे तुम्हाला आयती खेळाची यंत्रणा मिळते: विस्तव राखणं, मागणं, नेताना विझणं. एक कळ दाबली की चूल पेटते, असं करून ती वाया घालवू नका.

प्रकाशाबाबत तर सगळ्याच गेमची एक चूक ठरलेली आहे: भिंतीवर लोखंडी कोंदणात अडकवलेली, कायम जळणारी मशाल. भिंतीवर पेटती मशाल ठेवून माणसं निघून जात नाहीत. दिवटीवर चिंध्या गुंडाळलेल्या असतात आणि धरणारा दुसऱ्या हातातल्या बुधलीतून तेल घालत राहतो. तेल थांबलं की पाव-अर्ध्या तासात ती मालवते. म्हणजे दिवटी हवी तिथे ती धरणारा माणूस हवा, त्याचा एक हात कायम गुंतलेला, आणि जमिनीवर तेलाचे ठिपके. घरात दिवा असतो तो मातीचा किंवा दगडी, देवळीत ठेवलेला. एक वात, तेल तिळाचं, करडईचं, जवसाचं, एरंडाचं किंवा करंजाचं. कोकणात खोबरेल. शेंगदाण्याचं तेल नाही, कारण शेंगदाणाच नाही. तासाला साधारण पाच ते दहा मिलिलिटर तेल जातं. इंजिनमध्ये एका वातीला बारा लुमेनच्या आत ठेवा, रंग १९०० केल्विनच्या आसपास. खोली अंधारीच राहील, आणि ती तशीच हवी. देवळीतली ज्योत आडोशाला असते, ती सतत फडफडत नाही. सगळ्या दिव्यांना एकच फ्लिकर स्क्रिप्ट लावू नका. दार उघडलं, कुणी जवळून गेलं, तरच ज्योत हलू दे. देवळीच्या वरच्या दगडावर काजळीचा वर निमुळता होत गेलेला पट्टा द्या, खाली तेलाचा ओघळ. वातीच्या टोकाला काजळी धरली की उजेड मंदावतो आणि ती झाडावी लागते. ही छोटी क्रिया खेळणाऱ्याच्या हातात दिलीत तर रात्र किती महाग आहे ते त्याला कळेल.

गेममध्ये जातं दिसतं ते एक तर पाणचक्कीचं, नाही तर नुसता सजावटीचा दगड. प्रत्यक्षात घरातलं सगळ्यात मोठं काम त्यावर चालतं. पाच-सहा माणसांच्या घराला रोजचं दळण तास-दीड तासाचं तरी असतं, तेही पहाटे अंधारात. खालची तळी रोवलेली, तिच्या मध्यात उभी खीळ, वरच्या तळीच्या तोंडात आडवी लाकडी माकडी, ती खिळीवर टेकते. कडेला खुंटा. एका हातानं खुंटा फिरवत दुसऱ्या हातानं मुठीमुठीनं वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची. दोघी समोरासमोर बसल्या तर खुंटा दोघींच्या हातात. पीठ एका बाजूच्या नळीतून पडत नाही, दोन्ही तळ्यांच्या फटीतून सगळीकडून पडतं, म्हणून भोवती पिठाचं वर्तुळ होतं. तुमच्या पार्टिकल इफेक्टला हे वर्तुळ हवं. आवाजही दोन हवेत. दाणे असताना भरीव घरघर, आणि दाणे संपले की दगडावर दगड कर्कश. दळणारीला वैरण संपल्याचं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ नीट पडत नाही, मग टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोके मारून, त्या खरखरीत करून घ्याव्या लागतात, आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण खरीचं म्हणून माणसांना वापरत नाहीत. मेश करताना टाकीचे ठोके वरच्या तळीच्या खालच्या अंगाला आणि खालच्या तळीच्या वरच्या अंगाला द्या. नुसते वरून दिसतात म्हणून वरच्या तळीच्या माथ्यावर कोरू नका. आणि ओव्यांशिवाय जातं फिरवू नका. जनाबाई याच पिढीची.

यातून एक मोठी अडचण पुढे येते, ती म्हणजे बसणं. तुमच्या पात्रांच्या रिगमध्ये (हालचालींसाठीच्या सांगाड्यात) उभं राहणं आणि खुर्चीवर बसणं एवढंच असतं, म्हणून स्वयंपाकघरात ओटा येतो, जेवायला मेज येतं. या घरात चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवणं जमिनीवर. मांडी घालून, उकिडवं, एक गुडघा उभा करून, अशा निदान तीन बैठकी आणि त्यातून उठण्याच्या ॲनिमेशन करून घ्या. खर्चिक काम आहे हे आम्ही जाणतो. पण या एका खर्चानं शंभर वस्तू आपापल्या जागी बसतात. कॅमेऱ्याची उंचीही तिथे खाली आणा.

बाकी घर भराभर सांगतो. लाकडी पिंपं आणि खोकी, ज्यांत गेममध्ये नेहमी लूट दडवलेली असते, ती इथे नकोत. धान्य शेणानं लिंपलेल्या बांबूच्या कणगीत, जमिनीखालच्या पेवात, गोणीत. पाणी रांजणात. तेल चामडी बुधल्यात. दूध-दही शिंक्यावर. चुलीला धुराडं नाही, धूर छपरातून झिरपतो, म्हणून आढं आणि वासे काळे. निजायला बाज किंवा चटई-घोंगडी. आरसा धातूचा, घासून चकचकीत केलेला, त्यात प्रतिबिंब पिवळसर आणि किंचित अंधूक. बाईच्या नाकात नथ नको. यादवकाळातल्या मूर्ती अंगभर दागिन्यांनी मढलेल्या असून नाकात काही दिसत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या विषयावर फार पूर्वीच लिहून ठेवलंय. सूत टकळीवर काता, चरख्यावर नको. दख्खनमधला चरख्याचा स्पष्ट उल्लेख इसामी या फार्सी कवीच्या काव्यात येतो, तो १३५० चा.

दाराचं मात्र थोडं सांगायला हवं. बिजागरी लावू नका. फळीलाच एका कडेला वर आणि खाली गोल टोकं ठेवलेली असतात, ती चौकटीतल्या किंवा दगडातल्या खळग्यात फिरतात. म्हणजे फिरण्याचा अक्ष फळीच्या कडेवर नसून थोडा आत आहे. मॉडेलचा पिव्हट तिथे ठेवा, नाही तर दार उघडताना चौकटीत घुसतं. आतून आडवा अडसर, भिंतीतल्या पोकळीत सरकणारा. हे जमलं की कुलूप फोडण्याच्या त्या ठराविक मिनी-गेमऐवजी अडसर सरकवण्याचा, दार खळग्यातून उचलून काढण्याचा नवा खेळ सुचेल.

बाजारात गेलं की सोन्याच्या नाण्यांचा खणखणाट सुरू होतो. यादवांचं पद्मटंक सोन्याचंच, मध्ये कमळाचा ठसा आणि भोवती वेगवेगळे छाप मारलेलं, वजन पावणेचार ग्रॅमच्या आतबाहेर. पण ते भाजीवाल्याच्या हाती पडायचं नाही. हिशोबाची उतरंड हवी असेल तर भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडा, ती ११५० च्या सुमाराची. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. एक कवडी ग्रॅमभराहून थोडी जड धरली तर द्रम्माची मोड दीड किलोच्या आसपास भरते. हे वजन इन्व्हेंटरीत धरा. मोडीचा त्रास, सराफाची गरज, वस्तूंची अदलाबदल हे सगळं आपोआप खेळात येईल. हा गणिताच्या पुस्तकातला दर आहे, बाजारात तो हलता ठेवा. धान्य तागडीत तोलू नका, मापानं मोजा: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. माप शीग लावून भरलं की सपाट, यावर घेणारा आणि देणारा भांडतात, आणि तिथे लेखकाला संवाद मिळतात. दुकानांवर पाट्या नकोत. माल समोर मांडलेला असतो, तीच पाटी. माल येतो तो बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून, एका बैलावर शंभर-सव्वाशे किलो. प्रवाशाला उतरायला दारूचा गुत्ता-कम-खानावळ शोधू नका. मठ, देवळाचा सभामंडप, अन्नछत्र आहेत. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी कुठे उतरतात ते वाचलंत तर तुमच्या नकाशावरचे मुक्काम तिथेच ठरतील.

ग्रंथालयात चामडी पुठ्ठ्याच्या, कण्यावर सोनेरी अक्षरं असलेल्या पुस्तकांची कपाटं दिसली की आम्हाला वाईट वाटतं, कारण पोथी ही किती देखणी वस्तू आहे. सुटी आडवी पानं, वरखाली दोन फळ्या, दोरी, भोवती कापड. पान उजवीकडून डावीकडे उलटत नाही, खालून वर उचलून पुढे पालथं ठेवतात. पुस्तकाची तयार ॲनिमेशन इथे चालतच नाही. १२९० ला या भागात कागद दुर्मीळ धरा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा तुघलकाच्या काळाशी जोडली जाते, म्हणजे १३२७ नंतरची. मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवतात. दगडावरचं लेखन करताना आजचा देवनागरी फॉन्ट लावू नका. अक्षराच्या मागे, म्हणजे डावीकडे, येणारी पृष्ठमात्रा, शब्दांत जागा न सोडता धावणारी ओळ, वर चंद्र-सूर्य. नमुना हवा असेल तर पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख पाहा, तो याच काळातला. गावाच्या वेशीवर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड). बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर अख्खं आरमारी युद्ध कोरलंय. नौकेचे, वल्ह्यांचे, ढालींचे आकार तिथून थेट घेता येतात.

एक गोष्ट मात्र स्पष्टच बोलायला हवी. विहिरीवर सगळं गाव एकाच दोरानं पाणी भरतंय असं दाखवणं सोयीचं असतं, दिसायलाही सुंदर असतं. ते खोटं आहे. कोण कुठल्या पाणवठ्यावर जातो, कुणाच्या भांड्याला कोण शिवतो, कुणाला वरून ओंजळीत पाणी मिळतं, हे त्या समाजाच्या रचनेत पक्कं होतं. चोखामेळा याच काळातले, आणि त्यांच्या अभंगांत ही वेदना उघड आहे. घागर अचूक काढून तिच्याभोवतीची माणसं गोड करून दाखवलीत तर घागरही खोटी ठरते. हे कसं दाखवायचं हा तुमच्या लेखकाचा निर्णय, पण जातीनं पाणी वाटलेलं गाव वाटलेलंच दिसू द्या.

आता कामाची पद्धत. प्रत्येक वस्तूला मॉडेलिंगच्या आधी एक दाखला-कार्ड लावा. त्यात नाव, कशाची बनलीय, कुठे ठेवतात, कोण आणि कुठल्या बैठकीत वापरतं, झिजते आणि फुटते कशी, फुटल्यावर जाते कुठे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरावा कुठल्या जातीचा आहे: उत्खननातली वस्तू, शिल्प, मजकूर, की नंतरच्या काळावरून केलेला अंदाज. या चारांत फरक करा. शिल्पात आकार मिळतो, पण कलाकार देवतेच्या हातातलं भांडं घडवतो, शेतकऱ्याच्या घरातलं नाही. मजकुरात नाव आणि वापर मिळतो, आकार मिळत नाही. उत्खननात आकार आणि माती मिळते, पण लाकूड, बांबू, कापड, चामडं कुजून गेलेलं असतं. शिवाय यादवकाळातल्या साध्या घरांचं उत्खनन आपल्याकडे फार कमी झालंय. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये खणलं तेव्हा सातवाहन आणि बहमनी काळाचे थर मिळाले, आणि बहमनी थरातल्या वस्तू १२९० ला लावताना तो अंदाजच असतो. कणगी, शिंकं, सूप यांचे आकार तुम्ही आजच्या खेड्यातून घेणार. जरूर घ्या. पण कार्डावर 'अंदाज' असं लिहा.

हे कार्ड ऑफिसच्या फोल्डरमध्ये पडून राहू देऊ नका. खेळणाऱ्यानं वस्तूवर नजर रोखली की तीन ओळींची टीप उघडू द्या, आणि त्यात 'अंदाज' हा शब्द तसाच दिसू द्या. त्यानं गेमची पत घटत नाही. उलट जो शिक्षक हा गेम वर्गात दाखवेल त्याला नेमकं काय सांगायचं ते कळेल.

शेवटी वेळापत्रकाबद्दल एक मागणी. जाणकाराला ट्रेलरच्या आठ दिवस आधी बोलावू नका. तेव्हा फक्त नावं बदलता येतात, घागरीचं बूड बदलता येत नाही. ग्रे-बॉक्सच्या टप्प्यावर, खोल्या नुसत्या ठोकळ्यांच्या असतानाच, कुंभाराला, पोथ्या हाताळणाऱ्याला, डेक्कन कॉलेजात मध्ययुगीन पुरातत्त्व शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक दिवस लेव्हलमधून चालवा. त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव घाला. एका घरापासून सुरुवात करा: एक चूल, एक जातं, एक दिवा, तीन घागरी. ते घर नीट झालं की मग गाव.

आपले,
जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारे काही जण